पिलाचा घास

मी जन्माची भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी मला धीराची बाई वगैरे समजायला नको. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. पोरं मला टरकून असायची आणि मी पालीला, विजेच्या कडकडाटाला, कुकरच्या शिट्टीला आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना टरकून असायचे. वर्गात माझा आवाज मात्र असा होता की मी 'उभा राहा' म्हटलं की शेजारच्या वर्गातलीही दोन-चार पोरं उभी राहायची. त्या आवाजामुळे माझी भीती कोणाला कळली नाही. मालकांना कळली, पण तोवर लग्न होऊन गेलं होतं.

मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, घरात त्याचं कोणी ऐको वा न ऐको.

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुण्याहून मुलगी येऊन राहिली, माझी उस्तवार केली आणि जाताना टीव्हीवर काहीतरी लावून गेली. "मालिका बघून तुझं बीपी वाढतं," म्हणाली, "हे बघत जा. एकदम शांत असतं." अमेरिकेतल्या कुठल्याशा तळ्याकाठी एक भलंमोठं झाड, त्याच्या शेंड्याला काटक्यांचं घरटं, आणि घरट्यावर रोखलेला कॅमेरा. आत्ता तिकडे जे चाललंय ते आत्ताच इकडे दिसतं. घरट्यात गरुडाची मादी अंड्यांवर बसलेली. तिच्या जातीला इंग्रजीत टकला गरुड म्हणतात म्हणे. टकला कुठला, डोक्यावर चांगली पांढरीशुभ्र पिसं होती. "टक्कल कशाला म्हणतात ते अमेरिकेवाल्यांना ठाऊक नसावं," असं मी मालकांच्या डोक्याकडे बघत म्हटलं, तर ते टोपी घालून गोठ्याकडे निघून गेले.

शांत म्हणे! पहिल्याच दिवशी तिकडे वारा सुटला आणि ते झाड असं डुलायला लागलं की मी कॉटचा कठडा घट्ट धरून बसले. त्यानंतर माझ्या जीवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. कावळे यायचे, घरट्याभोवती घिरट्या घालायचे. एकदा घुबड येऊन वरच्या फांदीवर बसलं. गरुडीण क्षणभर उठली की अंडी उघडी पडायची आणि इकडे मी 'बस गं, बस' म्हणून ओरडायचे. नर मासे आणायला जायचा तो लवकर परतायचा नाही. मी आपली त्याच्या नावाने बोटं मोडत बसायचे.

"अगं, तिकडं अमेरिकेत कावळा आला म्हनून तू हितं कशाला वरडतीस?" मालक गोठ्यातून विचारायचे.

"तिला एकटीला टाकून गेलाय तो!"

"येईल की. बाजाराला गेला असंल."

मालकांची ही तऱ्हा. त्यांना भीती कशाची ती वाटत नाही, आणि ज्याला वाटते त्याची त्यांना गंमत वाटते.

आमची वस्ती काष्टीपासून तशी लांब नाही, पण मध्ये आणि भोवती सगळा ऊस. ऊस डोक्यावर गेला की वस्ती बाहेरून दिसतसुद्धा नाही. या भागात बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही. आज याचं कुत्रं नेलं, उद्या त्याची शेळी नेली, हे दूध घालायला जाणारी माणसं रस्त्यात उभ्या उभ्या सांगतात. लोकांना सवय झाली. मला झाली नाही. दिवेलागणीला उसाचं पान हललं तरी मी खिडक्या लावून घ्यायचे.

आणि घरात चार वर्षांची नात. तिचे आईवडील दोघेही नोकरीवर; मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत, सून श्रीगोंद्याच्या एका दवाखान्यात नर्स. दोघांना घरी यायला अंधार पडतो. मालक संध्याकाळी धारा काढून दूध डेअरीला घालायला जातात. म्हणजे नेमक्या त्या वेळेला, जेव्हा जनावर बाहेर पडतं, घरात मी, माझा वॉकर आणि ही पोरगी. पोरगी पाऱ्यासारखी, एका जागी ठरायची नाही. मी तिच्या मागे पळू शकत नव्हते. चालणंच कसंबसं होत होतं.

तेव्हा या गरुडांनी मला हात दिला. आपल्याकडे दिवे लागायला आले की तिकडे सकाळचं ऊन वर येतं. अंड्यांतून दोन पिलं बाहेर आली होती, एक दांडगं आणि एक बारकं, राखाडी लवीची, मान न धरणारी. पोरीला मी कॉटवर शेजारी घेऊन बसायचे. "बघ, आई मासा फाडतीय. बघ, आता कोणाला देतीय." ती हरखून बघायची. तिचे आईवडील येईपर्यंत ती जागची हलायची नाही. मी मनातल्या मनात त्या गरुडिणीचे आभार मानायचे, दार नीट लागलं आहे ना ते तिथूनच पुन्हा पुन्हा बघायचे.

ऊसतोड सुरू झाली. कारखान्याने पाथर्डीकडची टोळी दिली होती. त्यांनी लांबच्या टोकाकडून तोडायला घेतलं, आणि रोज ऊस आमच्या घराकडे सरकत सरकत कमी होत गेला. मला वाटलं, चला, मोकळं झालं, आता लांबवर दिसेल. मग एके दिवशी दुपारी टोळीतली माणसं कोयते घेऊन तशीच आमच्या ओट्यावर येऊन बसली. राहिलेल्या फडात त्यांना बिबट्याची दोन पिलं दिसली होती. डोळे नुकते उघडलेली. त्यांची आई कुठे दिसली नाही, पण ती काही लांब असणार नव्हती.

वनखात्याची माणसं आली. बघून गेली. जाताना सांगून गेली की तेवढा फड तोडू नका, मादी आपली पिलं तोंडात धरून स्वतःच दुसरीकडे नेईल, तोवर कोणी तिकडे फिरकू नका. संध्याकाळी लहान मुलं बाहेर सोडू नका. शेतात उकिडवं बसू नका, वाकू नका. बसलेलं माणूस तिला शेळी-कुत्र्याएवढं दिसतं. उभं माणूस दिसलं तर ती सहसा वाट सोडते. आणि काही झालं तरी पळायचं नाही.

तो राहिलेला फड आमच्या घराच्या मागेच होता. मध्ये एक बांध आणि थोडी पडीक जागा, बस्स.

तेव्हापासून माझे डोळे दोन ठिकाणी. एका बाजूला टीव्हीवर ते घरटं, दुसऱ्या बाजूला मागच्या खिडकीतून तो ऊस. कॅमेरा लावणाऱ्या मंडळींनीही टीव्हीवर खाली लिहिलेलं असायचं की आम्ही घरट्यात ढवळाढवळ करणार नाही, निसर्गाला त्याचं काम करू द्या. वनखात्याने मला मराठीत तेच सांगितलं होतं. मला दोघांचाही राग यायचा. बघत बसा म्हणे! ज्याच्या घरात लेकरू आहे त्याने नुसतं बघत कसं बसायचं, हे कोणी सांगत नव्हतं.

त्यातच तिकडे बर्फ पडायला लागला. गरुडीण पिलांवर पंख पसरून बसली ती उठेचना. तिच्या पाठीवर बर्फ साचला. नर दिसेनासा झाला. मासा आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिने जुना वाळका तुकडा कुठूनसा उकरून काढला, तर दांडग्या पिलाने बारक्याला टोचून टोचून बाजूला सारलं आणि सगळा आपणच खाल्ला. बारकं मान टाकून पडलं. टीव्हीवर बाजूला जगभरातली माणसं काहीबाही लिहीत होती, रडकी चित्रं पाठवत होती. मला वाटलं, बंद करावं हे. पण बंद केलं तर पोरीला धरून कशाने ठेवायचं?

पोरगी जेवायला त्रास देणारी. तिला भरवायची आमची रीत तीच, घराघरांतली. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, हा मनीमाऊचा. यावेळी मी त्यात एक वाढवला होता. "हा घास पिलाचा." त्या घासाला ती आ वासायची आणि टीव्हीकडे बघत चावायची. तेवढ्यावर अर्धी भाकरी पोटात जायची, म्हणून मी खुशीत होते.

त्या संध्याकाळी ती मध्येच थांबली.

"आजी, पिलाचा घास तर मीच खाती."

"हो, मग?"

"मग पिलानी काय खाल्लं?"

मी काय सांगणार? "तू खाल्लंस की त्याला पोचतं," असं काहीतरी म्हटलं. आपण सगळे तेच सांगतो. तिने टीव्हीकडे बघितलं. बारकं पिलू हलत नव्हतं. आई त्याच्या अंगावरून दुसऱ्या बाजूला सरकली होती.

"न्हाई पोचत," ती म्हणाली.

"झोपलंय ते," मी म्हटलं, आणि पाणी आणायला उठले. पाणी हे आपलं निमित्त. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू द्यायचे नव्हते. वॉकर टेकत टेकत स्वयंपाकघरात गेले, तोंडावर पाणी मारलं, तांब्या भरला. परत आले तर कॉटवर ताट होतं, ताटात भाजी होती, आणि पोरगी नव्हती.

आधी मला वाटलं कॉटखाली असेल. मग दार दिसलं. मालक नुकतेच किटल्या घेऊन डेअरीला गेले होते, दार नुसतं लोटून. मी त्यांना रोज ओरडते, बाहेरून कडी लावून जा म्हणून. ताटात भाकरीचा शेवटचा तुकडा राहिला होता, तो नव्हता.

तांब्या हातातून कधी पडला ते कळलं नाही. ओट्यावर आले. हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाज नाही. उजेड होता पण विझत चाललेला. अंगणात ती नव्हती. गोठ्याजवळ नव्हती. म्हशी सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या, कान टवकारून. मी वॉकर टेकत घराच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि त्या बघत होत्या तिकडे, मागल्या बाजूला बघितलं.

पोरगी बांधापलीकडे, उसाच्या अगदी कडेला पोचली होती. माझ्याकडे पाठ. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती खाली उकिडवी बसली.

तिथवर पळत जाणं मला या जन्मी जमणार नव्हतं. मी जी भित्री, जिला पालीचं नाव काढलं तरी घाम फुटतो, ती वॉकर पुढे टाकत, ढेकळांत अडखळत, बांधापर्यंत गेले. ऊस हलला. वाऱ्याने सगळा हलतो तसा नाही, एका जागीच. उसाच्या काळोख्या सावलीत बाकी काही दिसत नव्हतं. पोरगी बसलेलीच. एका दगडावर काहीतरी मांडत होती. आणि मग माझा आवाज आला. कुठून आला देव जाणे, पण तो वर्गातला आवाज होता.

"उभी राहा!"

ती ताडकन उभी राहिली.

"पळायचं नाही. हळू चालत माझ्याकडे ये. मागे बघायचं नाही."

तिने ऐकलं. रडवेली झाली होती, पण चालत आली. मी तिचं मनगट धरलं ते इतकं घट्ट की नंतर तिथे माझी बोटं उमटलेली दिसत होती. घरात आलो, कडी लावली, कडीला वॉकर अडकवला आणि मी दाराला पाठ लावून खालीच बसले, ऑपरेशन झालेल्या पायानिशी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पिलाचा घास ठेवून आले," ती म्हणाली. "आता मी न्हाई खाल्ला."

मालक आले, मुलगा-सून आले. सुनेने पोरीला उराशी धरलं आणि सोडेचना. मुलगा बॅटरी आणि काठी घेऊन बांधापर्यंत जाऊन आला, म्हणाला काही दिसलं नाही. मालकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कोल्हंबिल्हं असंल, न्हाईतर मांजर. तू घाबरली, म्हनून तुला ऊस हाललेला दिसला. त्यो काय, रोजच हालतो." त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की मला ते खरं वाटायला लागलं. मी अशीच आहे. उगाच नाही त्यांनी इतकी वर्षं माझी गंमत केली. थोड्या वेळाने मी हसलेसुद्धा. दाराला वॉकर अडकवला होता यावर सगळेच हसले.

सकाळी पलीकडच्या वस्तीवरचा शेतकरी आला. माझाच जुना विद्यार्थी, आता कानाजवळचे केस पिकलेत, पण मला अजून बाई म्हणतो आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. त्याच्या शेळ्या दोनदा गेल्यापासून त्याने गोठ्यावर कॅमेरा बसवला होता. तो कॅमेरा त्याच्या कुंपणाच्या पलीकडे आमच्या बांधाकडचा तुकडाही टिपतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"बाई, तुमी जरा बसून बघा," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी सकाळी बघितलं. मला ऱ्हावलं न्हाई."

त्याने मोबाईल पुढे धरला. मालक खाली वाकले. पोरगी झोपेतून उठून आली होती, ती नेहमीसारखी माझ्या मांडीवर चढली, कोणाच्या लक्षात यायच्या आत.

चित्र राखाडी होतं, लांबून घेतलेलं, आणि त्याला आवाज नव्हता. एका कोपऱ्यातून एक बारकी आकृती चालत आली. मूठ मिटलेली. बांध चढली, उतरली. उसाच्या कडेला आली आणि बसली. ती बसली आणि ऊस उघडला. आधी डोकं आलं. मग खांदे. तो प्राणी तिथून बाहेर आला आणि थांबला, बसलेल्या मुलीकडे तोंड करून, इतका जवळ की मी हात लांब करून दोघींना एकदम शिवले असते. मुलीला काही माहीत नव्हतं. ती दगडावर घास नीट मांडत होती, उचलून पुन्हा मांडत होती. मादी पुढच्या पायांवर खाली झाली. मालकांचा श्वास माझ्या कानाशी वाजत होता. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, मी पोरीचं मनगट धरलं होतं तसा. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा आधार असा कधी घेतला नव्हता.

मी कुठेच नव्हते त्या चित्रात. बांधाच्या अलीकडे मी होते, ओरडत होते, पण कॅमेऱ्याला ते दिसत नव्हतं. तिथे फक्त एक लेकरू होतं आणि ती होती.

मुलगी एकदम उभी राहिली. मादीने डोकं मागे घेतलं. मुलगी वळली आणि चालत निघून गेली, चित्राबाहेर. मादी तशीच बसून राहिली. मग उठून दगडापाशी आली, हुंगलं, उसाकडे वळली. आत जाऊन बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात पिलू होतं.

मालक मटकन ओट्यावर बसले. "पुन्हा दाव," एवढंच म्हणाले. शेजाऱ्याने चित्र परत मागे नेलं.

पोरगी माझ्या पदराला लोंबकळली होती. तिचं सगळं लक्ष त्या मोबाईलमध्ये. तिने हळूच, घाबरून माझ्या कानात विचारलं, "आजी, ती कोनाची मुलगी हाय? तिला घरात बोलव ना."

"बोलावलं गं बाई," मी म्हटलं. "आली ती घरात."

पण चित्र पहिल्यापासून सुरू झालं होतं. मूठ मिटून ती नुकतीच उसाकडे निघाली होती, आणि तिला हाक मारायला माझ्या तोंडून आवाज फुटेना.